पाळक कुठे घडतो?

दोनशेहून अधिक विद्यार्थी दाखल झाले आणि पंचवीस वर्षांनी त्यांतले जेमतेम दहा पाळकपदावर उरले. मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६२च्या सुमारास आपला हिशेब मांडला, तेव्हा निघालेला हा आकडा. गरीब देशांतील ख्रिस्ती पाळकांच्या प्रशिक्षणावर नंतर जे लिहिले गेले, त्यात तो पुन्हा पुन्हा येतो. मी ईश्वरविज्ञानाचा विद्यार्थी नाही, कोणत्या मंडळीचा पदाधिकारीही नाही. मराठी मिशनच्या इतिहासाची जुनी पाने चाळता चाळता या विषयाच्या वाटेला लागलो. पण या आकड्याचा जो अर्थ सहसा लावला जातो तो मला अपुरा वाटतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी तो अर्थ पाहू. सेमिनरी राजधानीत होती आणि मंडळ्या बहुतांशी खेड्यांत. शहरातल्या वसतिगृहात राहून शिकलेल्या तरुणाला खेड्यातल्या तुटपुंज्या वेतनावर परतणे जड जाई. शिक्षणाने त्याच्यासाठी दुसरी दारे उघडलेली असत. उलट, गावची मंडळी जो खरोखर सांभाळत होता, त्याच्यामागे शेत होते, मजुरी होती, बायकामुले होती. तो वसतिगृहात येणार कसा? सेमिनरी सान फेलिपे या ग्रामीण भागात हलवली, तरीही तो आला नाही. तेव्हा १९६३पासून शिक्षकच त्याच्याकडे जाऊ लागले. राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि पाठोपाठ रॉस किन्सलर ही या प्रयोगातली प्रमुख नावे. विद्यार्थ्याने घरी स्वयंअध्ययनाची पुस्तके वाचायची आणि आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर शिक्षकासोबत चर्चेला बसायचे. टेड वॉर्ड यांनी या पद्धतीला कुंपणाची उपमा दिली: एक आडवी दांडी अभ्यासाची, दुसरी प्रत्यक्ष सेवेची, आणि दोन्हींना धरून ठेवणारे खांब म्हणजे या बैठका.

त्याच सुमारास जगाचा पैसा मात्र वेगळ्या दिशेने वाहत होता. १९५८ साली चाळीस लाख डॉलरचा थिऑलॉजिकल एज्युकेशन फंड उभा राहिला. त्यातले निम्मे रॉकफेलर यांच्या देणगीचे होते. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील सेमिनऱ्यांचा विद्याविषयक दर्जा उंचावणे, हा त्याचा सुरुवातीचा भर होता. दर्जाचे माप पश्चिमेचेच होते.

किन्सलर यांचे ‘द एक्स्टेन्शन मूव्हमेंट इन थिऑलॉजिकल एज्युकेशन’ हे पुस्तक १९७८चे. त्याचे मोठे श्रेय असे, की ते कसे शिकवावे यापेक्षा कोणाला शिकवावे हा प्रश्न पुढे आणते. लोकांनी आधीच ज्याला आपला मानले आहे त्याला शिकवा, हे त्याचे सूत्र. ते मला पटते. माझा आक्षेप दोन ठिकाणी आहे.

पहिला आक्षेप श्रमाचा. दिवसभर राबलेल्या माणसाने रात्री पुस्तक उघडायचे, या व्यवस्थेत सेमिनरीचा खर्च वाचतो. पण तो नाहीसा होत नाही, त्या माणसाच्या झोपेतून वसूल होतो. वसतिगृहाने निदान मोकळा वेळ, ग्रंथालय आणि सोबत दिली होती. गरिबाला घरबसल्या शिक्षण आणि सधनाला ग्रंथालय अशी विभागणी होऊ लागली, तर तिला सुधारणा म्हणताना जपून राहावे.

दुसरा आक्षेप अधिकाराचा, आणि इथे मला अहमदनगर आठवते, कारण हाच वाद तिथे शंभर वर्षे आधी झाला होता. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५मध्ये हिंदुस्थानात आले. खेड्यातला पाळक खेड्यातलाच हवा आणि त्याचे शिक्षण देशी भाषेत व्हावे, हे त्यांचे मत. ते मत दूरदृष्टीचे होते, आणि मराठीच्या अभिमान्याला तर ते गोडच वाटेल. पण त्याच धोरणाने मिशनच्या इंग्रजी शाळांना कात्री लागली. नवख्रिस्ती कुटुंबांना इंग्रजी हवी असण्याचे कारण साधे होते: त्या भाषेत नोकरी होती, मान होता. ‘तुमच्यासाठी मराठी पुरे’ हा निर्णय बॉस्टनच्या माणसाने घ्यावा, यातली विसंगती किन्सलर यांच्या सूत्रालाही चुकत नाही. योग्य निर्णयसुद्धा ज्याच्याबद्दल घेतला त्याला न विचारता घेतला, तर तो त्याचा होत नाही.

याच नगरमध्ये रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ साली सेमिनरी काढली आणि पुढे नारायण वामन टिळक तिथे शिकवू लागले. टिळकांची घडण नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे, संस्कृत काव्यशास्त्रात झाली होती. संतांचा अभंग त्यांच्या कानात होता. मराठी मंडळ्यांत आजही गायिली जाणारी त्यांची पदे कोणत्या अभ्यासक्रमातून आली नाहीत. लक्ष्मीबाईंचे उदाहरण तर याहून बोलके आहे. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई पुढे कीर्तने करते आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिते. सेमिनरीच्या पटावर तिचे नाव शोधून सापडायचे नाही.

म्हणून ग्वातेमालाचा आकडा मी उलटा वाचतो. दोनशेंपैकी दहा उरले, याने सेमिनरीचे अपयश दिसते, हे खरे. पण त्या काळात मंडळ्या बंद पडल्या नाहीत. त्या कोणीतरी चालवत होते. त्या माणसांना आधी कोणी काय शिकवले होते, कोणत्या भाषेत, कोणत्या गाण्यातून, याची नोंद सेमिनरीच्या हिशेबात नाही. प्रशिक्षणाची नवी योजना आखणाऱ्याने पुस्तके छापण्याआधी ती नोंद करायला बसावे, आणि ती करताना त्या माणसांनाच विचारावे.