कांदा चिरावा, पण कुणी?

‘आज काय करायचं?’ हा प्रश्न आपल्या घरांमध्ये दिवसातून निदान दोनदा विचारला जातो. सकाळी डब्यासाठी, संध्याकाळी रात्रीच्या जेवणासाठी. विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकच असते. उत्तरंही ठरलेली असतात: ‘काहीही’, ‘तुला सोपं पडेल ते’, किंवा मोबाइलमधून मान वर न करता ‘अं?’

स्वयंपाकाविषयी आपण आज जेवढं वाचतो आणि पाहतो, तेवढं आधीच्या कुठल्याच पिढीनं पाहिलं नसेल. पण त्यातलं जवळजवळ सगळं हा प्रश्न सुटल्यानंतर सुरू होतं. पदार्थ ठरलेला असतो, सामान आणलेलं असतं, कांदा चिरून वाटीत ठेवलेला असतो. मला पाककृतींची पुस्तकं पलंगावर पडून वाचायला आवडतात, लगेच उठून काही करायचं नसलं तरी. तसं वाचताना मीठमसाल्यापेक्षा वाक्यांकडे जास्त लक्ष जातं. म्हणून इथे पाककृतीकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहायचं आहे. हा प्रकार काय सांगतो आणि काय सांगायचं टाळतो?

त्याची रचना आपल्याला पाठ आहे. आधी साहित्य, मग कृती, शेवटी एखादी टीप. साहित्याची यादी घर भरलेलं आहे असं धरून चालते. रोजचा स्वयंपाक मात्र यादीपासून सुरू होत नाही. अर्धी जुडी मेथी उरली आहे आणि ती उद्या पिवळी पडेल. कालचं वरण आहे. एकाला वांगं चालत नाही, एकीचा उपास आहे. सिलिंडर कधीही संपेल, त्यामुळे फार शिजवत बसायचं नाही. या सगळ्यातून जे निघतं, त्याला आपण जेवताना ‘मेथीचं वरण’ म्हणतो.

आणि तो ताटात वाढल्यावर संपतही नाही. बुधवारी डब्यात मटकीची उसळ हवी असेल तर सोमवारी रात्री मटकी भिजत घालावी लागते, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधावी लागते, तेव्हा कुठे बुधवारी मोड दिसतात. म्हणजे बुधवारचा स्वयंपाक सोमवारी झोपायच्या आधी सुरू झालेला असतो. दह्याचं विरजण, भिजवलेली कणीक, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी, या सगळ्यात आजच्या स्वयंपाकात कालचा आणि उद्याचा स्वयंपाक मिसळलेला असतो. पाककृती एका पदार्थाची गोष्ट सांगते. घर मात्र ‘क्रमशः’वर चालतं.

हे म्हणताना ‘रुचिरा’ला कमी लेखायचं नाही. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि पुढे मराठी घरांमध्ये त्याच्या लाखाहून जास्त प्रती गेल्या. बाईंचं शाळेतलं शिक्षण जेमतेम होतं, पण त्यांनी जे केलं ते मोठ्या संपादकाचं काम होतं. ‘अंदाजानं घे’ या वाक्याच्या जागी त्यांनी वाटी आणि चमचा आणला. अंदाज शिकायचा तर शेजारी कुणीतरी जाणतं माणूस उभं लागतं. वाटी-चमच्याला ते लागत नाही. लग्न करून मुंबईतल्या दोन खोल्यांत, एखाद्या कारखान्याच्या वसाहतीत किंवा थेट परदेशात संसार मांडणाऱ्या मुलींच्या शेजारी असं कुणी नव्हतं. मापाच्या रूपानं ते ज्ञान त्यांच्या बॅगेत बसलं. कित्येक घरांत आजही ‘रुचिरा’ आहेरात दिलं जातं.

पण मला कुतूहल आहे ते पाककृतीच्या भाषेचं. छापील मराठी पाककृतीची नेहमीची क्रियापदं आठवा: घालावे, परतावे, झाकण ठेवावे, उतरवावे. व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात. ‘कांदा बारीक चिरावा.’ वाक्य पूर्ण आहे, स्वच्छ आहे, आणि त्यात कर्ता नाही. कांदा कुणी चिरावा हे सांगायची गरज लिहिणारीला वाटत नाही आणि वाचणारीलाही पडत नाही, कारण दोघींना ते माहीत असतं.

पुढे यूट्यूब आलं आणि क्रियापद बदललं. ‘आता आपण यात मोहरी घालणार आहोत, आपण हे छान परतून घेऊया.’ हे ‘आपण’ फार लाघवी आहे. पाहणाऱ्याला ते ओट्यापाशी ओढून घेतं, एकटीनं जेवण रांधणाऱ्याला सोबत देतं. स्वयंपाक शिकणाऱ्या मुलग्यांनाही या ‘आपण’मध्ये सहज शिरता येतं, जे ‘गृहिणींनी’ असं संबोधणाऱ्या जुन्या सदरांमध्ये शक्य नव्हतं. हा बदल मला मनापासून चांगला वाटतो. तरी प्रत्यक्ष घरात शिरलं की ते ‘आपण’ विरघळतं. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाप्रमाणे बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि घरकामात हात घालणारे पुरुष ८८ मिनिटं. पुस्तकातल्या वाक्याला कर्ता नाही, व्हिडिओतल्या वाक्याचा कर्ता ‘आपण’ आहे आणि घरातल्या वाक्याचा कर्ता ‘ती’ आहे.

हा कर्ता पडद्यावर धडधडीत दाखवला तो जिओ बेबी यांच्या ‘द ग्रेट इंडियन किचन’ या २०२१ च्या मल्याळम चित्रपटानं. आपल्याकडे अनेकांनी त्याचा हिंदी अवतार ‘मिसेस’ पाहिला असेल, पण मूळ चित्रपट मिळाला तर जरूर पाहा. सुरुवातीला त्यातलं अन्न इतकं देखणं दिसतं की भूक लागते. फूड व्हिडिओत असतात तशीच दृश्यं: चिरणं, वाटणं, तळणं. मग तीच दृश्यं पुन्हा येतात. पुन्हा येतात. सासऱ्यांना भात कुकरमधला नको, चुलीवरचा हवा. चटणी मिक्सरमधली नको, पाट्यावरची हवी. जेवून उठलेल्या पुरुषांनी टेबलावर टाकलेली उष्टी, सिंकखाली गळणारा पाइप, पार्श्वसंगीताऐवजी भांड्यांचे आवाज. पात्रांना नावंसुद्धा नाहीत. तासाभरानं तीच फोडणी पाहून पोटात ढवळायला लागतं. एकदा पाहिलं की सुंदर वाटणारं काम रोज केलं की कसं होतं, हे संवादात न सांगता दिग्दर्शकानं केवळ पुनरावृत्तीतून अंगावर आणलं. पाककृतीला हे जमत नाही, कारण पाककृती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच घडत असते.

तरी या चित्रपटाशी माझं एक भांडण आहे. त्यातला स्वयंपाक मुख्यतः हातांचा आहे. आणि नायिकेची सुटका घर सोडण्यात आहे, जी त्या गोष्टीत अगदी रास्त आहे. पण माझ्या पिढीतल्या कित्येकांनी घर कधीच सोडलंय. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, सासरे नाहीत, पाटा नाही. प्रश्न मात्र आमच्या आधी तिथे पोचलेला असतो.

पुण्यात आम्ही तिघी राहतो आणि स्वयंपाकाला मावशी येतात. सकाळी पावणेआठला त्या चपला काढता काढता विचारतात, “ताई, काय करू आज?” त्या क्षणी आम्हा तिघींत जी शांतता पसरते ती पाहण्यासारखी असते. कष्ट आम्ही पैसे देऊन वाटून घेतलेत, पण ठरवणं अजून कुणाच्या तरी गळ्यात पडायचं असतं. आमचं उत्तर आलं नाही की मावशी स्वतःच फ्रिज उघडतात आणि सांगतात, “दुधी आहे, तो आधी संपवू. टोमॅटो उद्या चालतील.” त्या दिवसाला पाच घरं करतात. पाच फ्रिजमध्ये काय आहे, काय आधी नासेल, कुणाकडे तिखट कमी, कुणाकडे कांदा-लसूण वर्ज्य, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. त्यांच्या स्वतःच्या घरचं त्या पहाटेच उरकून आलेल्या असतात. पोळी-भाजीचे पैसे माणशी ठरलेले असतात. या हिशेबाचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

म्हणून मला ‘काहीही कर’ हे वाक्य घरातलं सगळ्यात महागडं वाक्य वाटतं. ऐकायला ते मोठ्या मनाचं आहे. म्हणणाऱ्याला वाटतं आपण सूट दिली. प्रत्यक्षात त्यानं विचार करण्याचं काम पुन्हा विचारणारीकडे सरकवलेलं असतं, आणि जेवताना ‘परत दुधी?’ म्हणण्याचा हक्क स्वतःकडे ठेवलेला असतो. सर्वेक्षणात मिनिटं मोजता येतात. पण लोकलमध्ये उभं राहून ‘घरी कोथिंबीर आहे का’ हे आठवणं कुठल्या रकान्यात भरायचं?

इथपर्यंत आलं की आणखी एक पुस्तक उघडावं लागतं, कारण ते या प्रश्नालाच प्रश्न विचारतं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावानं निघाला आणि तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. जेवायच्या आधी म्हणायच्या वचनाला पाटोळ्यांनी शीर्षकात फक्त एक ‘अ’ जोडला आहे, पण त्या एका अक्षरात पुस्तकाचं सगळं म्हणणं आहे. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या घरांत काय शिजायचं, का शिजायचं, आणि ते कुठल्याही नावाजलेल्या पाकपुस्तकात का आलं नाही, हे ते सांगतं. ‘काय करायचं’ हा प्रश्न पडायला दोन-चार पर्याय समोर असावे लागतात. पर्याय नसतील तर प्रश्न असतो, ‘आज काय आहे?’

पाटोळ्यांच्या पुस्तकातही पाककृती आहेत, पण त्या कारणासकट येतात. येसूर घ्या. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेली ही पूड. तिनं रस्सा दाट होतो, आणि थोडक्यात जास्त माणसं जेवू शकतात. चान्या म्हणजे मांसाचे वाळवलेले तुकडे, मांस मिळणार नाही अशा दिवसांसाठी राखून ठेवलेले. फ्रिजवर यादी चिकटवणाऱ्यांनी ‘मील प्लॅनिंग’ हा शब्द शिकण्याच्या कितीतरी आधी या बायका आठवड्याचं नव्हे, ऋतूंचं नियोजन करत होत्या. तेही गावानं आपल्या वाट्याला काय येऊ दिलंय हे धरून. हे वाचल्यावर हॉटेलांच्या पाट्यांवरचे ‘घरगुती’ आणि ‘अस्सल मराठी’ हे शब्द पूर्वीसारखे दिसत नाहीत. कुणाचं घर, हे विचारावंसं वाटतं. मराठीत स्वयंपाकावर लिहिताना पदार्थाच्या मागची परिस्थिती लिहिता येते आणि तरी ते पाकपुस्तकच राहतं, हे या पुस्तकानं करून दाखवलं.

आता ‘आईच्या हातची चव’ या लाडक्या शब्दप्रयोगाकडे वळू. वसतिगृहातल्या पहिल्या आठवड्यात तो आपण सगळेच वापरतो आणि त्यातलं प्रेम खोटं नसतं. पण नीट पाहिलं तर त्यात डोक्याच्या कामाचं सगळं श्रेय हाताला दिलेलं आहे. हात म्हटलं की ती देणगी ठरते, माया ठरते. मग ती शिकायची गरज नाही आणि वाटून घ्यायची तर अजिबातच नाही. कुठलं पीठ किती पाणी पितं, पावसाळ्यात मीठ ओलं असलं की चमच्याचं माप कसं बदलतं, पाचांच्या आमटीत सहावा माणूस आला तर काय वाढवायचं आणि काय नाही, याला आपण ‘अंदाज’ म्हणतो, आणि तो शब्द ‘अचूक नसलेलं’ अशा अर्थानं वापरतो. खरं तर अंदाज हे रोज तपासून दुरुस्त केलेलं माप आहे. वाटी-चमच्यानं त्याचा एक भाग पुस्तकात आणला. उरलेला भाग अजून माणसांमध्येच आहे, आणि तो न लिहिल्यामुळे त्यांच्यावरच पडून राहिला आहे.

स्वयंपाक येत नाही म्हणून कुणी अडून राहावं असे हे दिवस नाहीत. पनीर बटर मसाल्याचे शेकडो व्हिडिओ फोनवर आहेत. तरीही गुरुवारी रात्री आपण जेवण मागवतो ते अनेकदा पाककृती माहीत नसते म्हणून नाही, तर दमून आल्यावर ठरवायचं त्राण नसतं म्हणून. त्या वेळी ज्याची गरज असते ते ज्ञान आपल्या आया, आज्या, काही बाबा आणि पाच घरं करणाऱ्या मावशी यांच्याकडे आहे. त्यांना आपण ‘मोदक कसे करायचे’ असं विचारतो. ‘महिनाअखेरीला कसं भागवायचीस’ असं विचारत नाही.

या गोष्टींच्या नोंदी सापडतात त्या छापील मजकुराच्या बाहेर. माझ्या मावशीच्या ‘रुचिरा’च्या समासांत पेन्सिलीनं लिहिलेलं आहे: ‘५ जणांना पुरलं नाही’, ‘तेल अर्धं चालतं’, ‘बाबांना नको’, आणि एका पानावर फक्त ‘रविवारीच’. या चार नोंदींत माणसं आहेत, पैसे आहेत, रुसवेफुगवे आहेत आणि वेळ आहे. शिवाय एक कर्ताही आहे, जो वरच्या छापील वाक्यात नव्हता. तुमच्या घरात असं जुनं पुस्तक किंवा तेलकट डागांची वही असेल तर कृती सोडून आधी तिचे समास वाचा. आणि समास कोरे असतील, तर ज्या व्यक्तीनं ते पुस्तक वापरलं तिच्याशेजारी बसून, विचारून, भरून घ्या.