‘आंधळं दळतं’ : एका म्हणीचे पुनर्वाचन

‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही म्हण अनागोंदीचे वर्णन म्हणून समीक्षालेखनातही सहज येते. येथे दळणारी व्यक्ती नपुंसकलिंगी आहे, कुत्र्याच्याच पंक्तीला बसविलेली. श्रम तीच करते. तरीही नुकसानीचे खापर तिच्या अंधत्वावर फुटते. पीठ राखू शकली असती अशी घरातली डोळस माणसे म्हणीत कोठेच नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच ठरविला. म्हणजे प्रश्न शरीराकडून व्यवस्थेकडे वळविला. ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हटल्याने हे वळण भाषेत आपोआप येत नाही. ज्या समीक्षेत ‘डोळस’ हे विशेषण अजूनही स्तुतीचे आहे, तिने म्हणीतील अनुपस्थितांविषयीचा जाब प्रथम स्वतःलाच विचारावा.