दीपस्तंभ आणि त्याचा राखणदार

आमच्या वाङ्मयात दीपस्तंभ उदंड आहेत. कोणी थोर पुरुष निवर्तला की मृत्युलेखात तो दीपस्तंभ व्हावयाचाच. पण त्या स्तंभावर रोज दिवा लावणारा मनुष्य मात्र आमच्या लेखकांस क्वचितच दिसला. उन्हाळ्याच्या सुटीत जव्हारच्या मुक्कामी सीलिया थॅक्स्टर या अमेरिकन कवयित्रीचे १८७३ साली प्रसिद्ध झालेले ‘अमंग द आइल्स ऑफ शोल्स’ हे पुस्तक वाचताना ही उणीव आम्हांस प्रकर्षाने जाणवली.

बाईंचे वडील व्हाइट आयलंडवरील दीपगृहाचे राखणदार. १८३९ साली हे कुटुंब त्या खडकावर राहावयास गेले, तेव्हा बाई अवघ्या चार वर्षांच्या होत्या. पुस्तकात वादळे आहेत, फुटलेली गलबते आहेत. परंतु त्याचे मर्म आम्हांस निराळ्याच ठिकाणी दिसते. कधीमधी दिवे स्वतः पेटवावयास मिळाले म्हणजे त्या चिमुरडीस धन्यता वाटे: आपल्या एवढ्याशा हातांनी एवढ्या मोठ्या जगाचे काम झाले! येथे दिवा ही उपमा नव्हे, रोजचे काम आहे. बालपणाच्या स्मरणरंजनाने कष्टांची धार काहीशी बोथटली आहे, हा दोष आम्ही नाकारीत नाही.

खांदेरीचे दीपगृह १८६७ सालचे, आमच्याच किनाऱ्यासमोर उभे; परंतु तेथील संसाराचे असे पुस्तक मराठीत आमच्या पाहण्यात नाही.

त्या रात्री वीज गेली. कंदिलाची काच पुसताना बोटांस काजळी लागली. आणि आम्हीही किती मृत्युलेखांत तो शब्द फुकट खर्चिला, हे आठवून खजील झालो.