गुण वाढले, पण कशाचे?

अध्ययन-रणनीतींवर प्रस्ताव लिहिणार असाल, तर ओ'मॅली आणि शामो यांचं १९९० चं पुस्तक टाळता येत नाही. रणनीतींचे ते तीन गट करतात: अधिबोधात्मक (शिकण्याचं नियोजन, स्वतःची तपासणी), बोधात्मक (वर्गीकरण, टिपणं, पूर्वज्ञानाशी सांगड) आणि सामाजिक-भावनिक. वर्गीकरण कामाचं आहे. आपण ते जसंच्या तसं उचलतो, तिथे घोळ होतो.

समजा, धुळ्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गात तुम्ही माया संस्कृतीचा पाठ घेतला. पूर्वचाचणी, तासिका, उत्तरचाचणी. गुण वाढले, टी-मूल्यही सार्थ आलं. पण वाढलं काय, इतिहासाची समज की इंग्रजी? एकाच इंग्रजी पेपरवरून हे सांगता येत नाही. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला रांजण ठाऊक असतो, तरी 'स्टोरेज जार'पुढची जागा तो कोरी सोडतो.

दुसरं, मायाबद्दल त्याच्याकडे पूर्वज्ञानच नसेल तर सांगड कशाशी घालणार? गिरणाकाठचं बहाळ घ्या, तापीकाठचं सावळदा घ्या. तिथली ताम्रपाषाणयुगीन मातीची भांडी त्याच्या घरातल्या मडक्यांशी जोडता येतात. मग मायापर्यंत जा की!

म्हणून आशय आणि भाषा यांचे गुण वेगळे ठेवा, आशयाचे प्रश्न अहिराणी-मराठीत तोंडीही विचारा आणि नियंत्रित गट ठेवा. नाहीतर तुमच्या प्रबंधात ते मूल 'अल्पसंपादन' म्हणून नोंदलं जाईल, आणि कच्चं असेल ते तुमचं साधन.