पुसण्यासाठी दिलेली पन्नास मते

मतदान यंत्रे सुरक्षित कशी राहतात हे समजावणारे फलक, भाषणे, चित्रफिती पुष्कळ आहेत. माझ्या लेखी या विषयाचे सर्वांत देखणे निरूपण मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचला होते आणि ते पाहायला मोजकी माणसे असतात. ते म्हणजे अभिरूप मतदान. सगळ्यांच्या तोंडचा 'मॉक पोल'.

७ मे २०२४. बारामती लोकसभा, सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार, नणंद-भावजयीची लढत. उमेदवार ३८, म्हणून बारामती शहरापासून इंदापूरच्या भिगवण-बावड्यापर्यंत केंद्रागणिक तीन-तीन बॅलट युनिटे. केंद्राध्यक्ष आधी यंत्र आणि व्हीव्हीपॅटची पेटी रिकामी असल्याचे दाखवतात. मग एकमेकांविरुद्ध ठाकलेल्यांचे प्रतिनिधीच बटणे दाबतात: 'नोटा' धरून प्रत्येकाला निदान एक, एकूण किमान पन्नास मते. व्हीव्हीपॅटच्या काचेआड मताची छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग पेटीत पडते. पुढे 'क्लोज', 'रिझल्ट'. यंत्राचा आकडा चिठ्ठ्यांशी जुळला, की 'क्लिअर'.

सारा रस या 'क्लिअर'मध्ये आहे. मोजलेली मते सर्वांदेखत पुसली जातात, चिठ्ठ्या काळ्या लिफाफ्यात बंद होतात, शून्य प्रत्येक जण स्वतः वाचतो. मग हिरव्या कागदी सीलवर प्रतिस्पर्धी सह्या करतात. ते एकाच भावकीतलेही असू शकतात. तरी संशय घेणे हेच तिथे त्यांचे काम. सीलचा क्रमांक ते टिपून घेतात आणि मतमोजणीच्या टेबलावर ताडून पाहतात. किती नेटकी रचना!

१३ मे रोजी मात्र ही उंची दिसली नाही. बारामतीची यंत्रे पुण्यातल्या गोदामात असताना सीसीटीव्ही पाऊण तास बंद होता, अशी तक्रार सुळे यांनी केली. विजेच्या कामात केबल काढल्याने केवळ पडदा बंद होता, चित्रण सुरूच होते, असा खुलासा प्रशासनाने केला. तो खरा धरला, तरी ऐकणाऱ्याला पडताळायला त्यात काही नव्हते. स्ट्राँगरूमच्या कुलपावर उमेदवारांना आपापले सील लावता येते. पडदा काळा पडला तरी ते शाबूत आहे का, हे डोळ्यांनी कळते. खुलाशाची सुरुवात त्या सीलपासून व्हायला हवी होती.

पुढच्या निवडणुकीआधी इंदापूरच्या आठवडे बाजारात हा पहाटेचा प्रयोग भर गर्दीत करावा. बटण आणि चिठ्ठीपाशी थांबू नये. पुसणे, शून्य आणि सह्याही लोकांना दाखवाव्यात.