साथीचा कायदा आणि घराचा उंबरठा

पुण्यातील १८९७ च्या प्लेगविषयी मराठीत पुष्कळ लेखन झाले आहे. परंतु त्या लेखनाची दृष्टी बहुधा २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडल्या गेलेल्या गोळीवरच खिळून राहते. त्यामुळे एक प्रश्न अनुत्तरित राहतो. रोगनिवारण सरकारने हाती घेतले हा अन्याय होता, की ते ज्या अटींवर हाती घेतले त्या अटी अन्यायाच्या होत्या? उत्तरासाठी त्याच वर्षी ४ फेब्रुवारीस संमत झालेला साथरोग अधिनियम एक संहिता म्हणून वाचणे अगत्याचे आहे.

मूळ अधिनियम अवघ्या चार कलमांचा. पहिले कलम नाव व व्याप्ती सांगते. दुसरे, प्रचलित कायदा अपुरा वाटल्यास तात्पुरते नियम करण्याचा अधिकार सरकारास देते. तिसरे अवज्ञा करणारास दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षापात्र ठरवते. चौथे सद्‌हेतूने काम करणारांस दाव्यापासून अभय देते. रोग्यास औषध, खाट वा शुश्रूषा पुरविण्याचे बंधन सरकारवर घालणारे वाक्य मात्र त्यात एकही नाही. नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, पण तो कंसात, आणि ‘असल्यास’ या शर्तीसह. ज्या संहितेत अधिकार मुख्य वाक्यात आणि उत्तरदायित्व कंसात असते, तिचा नैतिक कल वेगळा सांगावा लागत नाही.

१३ मार्चपासून लष्करी तुकड्यांनी घरोघर झडत्या सुरू केल्या, तेव्हा हा कल प्रत्यक्षात उतरला. कसबा ही पुण्याची आद्य वस्ती. येथे एका चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे नांदत, आणि तांबट आळीत किंवा कुंभारवाड्यात घर हाच कारखाना असे. अशा वस्तीत देवघर, माजघर आणि उपजीविका यांचा उंबरठा एकच असतो. तो ओलांडणारास त्याची जाणीव असावी, अशी कायद्याची अपेक्षाच नव्हती.

यावर असा आक्षेप संभवतो की, प्राणघातक साथीत इतकी नाजूक चिकित्सा करण्यास अवसर नसतो. आक्षेप पोकळ नव्हे. टिळकांनीही रोग्यांच्या विलगीकरणास तत्त्वतः विरोध केला नाही. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांस त्यांनी दोष दिला आणि हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीस हातभार लावला. परंतु त्या वेळी शास्त्र कितपत पुढे गेले होते? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता. उंदरावरील पिसवेचा संबंध सीमाँ यांनी १८९८ मध्ये मांडला. म्हणजे झडतीत माणूस शोधला जात होता आणि उंदीर मोकळा होता. ज्ञान अपुरे असणे हा दोष नव्हे. अपुऱ्या ज्ञानावर पुरेपूर सक्ती उभारणे आणि तिचा जाब विचारण्याची वाट बंद करणे, हा दोष होय.

झडत्या सुरू होण्यापूर्वी तीनच दिवस, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगने निवर्तल्या. पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना त्यांस लागण झाली. शास्त्र त्यांस समितीहून अधिक ज्ञात नव्हते. वेगळे होते ते रोग्याशी असलेले नाते. तथापि एवढ्यावरून खाजगी सेवेचा गौरव करून थांबणे योग्य नव्हे. एका व्यक्तीचे आत्मार्पण शहराला पुरे पडत नाही. ते कार्य शासनाचेच. पैशाअभावी कोणीही उपचारास मुकू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्ये मांडले, आणि तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे जीविताच्या हक्काचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले.

२०२० मध्ये पुण्याच्या मध्यवर्ती पेठा पुन्हा बंदिस्त झाल्या, तेव्हा हाच अधिनियम उपयोगात आला. या वेळी महापालिकेच्या नायडू रुग्णालयात रोग्यांवर उपचार झाले, हे अंतर मोठे आहे. पण त्या उपचारांची प्रेरणा या संहितेतून आलेली नव्हती. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांस संरक्षण दिले. ते न्याय्यच होते. रोगी मात्र संहितेबाहेरच राहिला.

तात्पर्य, उंबरठा ओलांडण्याचा अधिकार शासनास असावा की नाही, हा खरा वाद नव्हे. तो ओलांडणारा हात रोग्यास उचलून नेल्यावर त्याचे पुढे काय करण्यास बांधलेला आहे, हे जो कायदा सांगत नाही, तो आरोग्याचा कायदा नव्हे. तो केवळ बंदोबस्ताचा कायदा होय.