शक्तिदेवाची कथा आणि सत्यव्रताचा मृत्यू

सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’चे मूळ असलेली गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ परंपरेने पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडलेली आहे. पैठणची गोदा पुढे नांदेडला येते; समुद्र मात्र आम्हां भोकरकरांस ग्रंथांतूनच भेटतो.

कनकपुरी पाहिल्याचे खोटे सांगून राजकन्या कनकरेखेसमोर अपमानित झालेला शक्तिदेव त्या नगरीच्या शोधार्थ निघतो. उत्स्थल बेटावरील धीवरांचा अधिपती सत्यव्रत त्यास आपल्या नौकेतून नेतो. नौका भोवऱ्यात सापडताच तो त्यास वडाची फांदी धरावयास सांगतो व स्वतः बुडतो. पुढे शक्तिदेव एकटाच परततो, तेव्हा सत्यव्रताचे पुत्र विचारतात : एकाच नौकेतील दोघांपैकी एक बुडतो आणि दुसरा वाचतो, हे कसे? सूडापोटी ते त्यास देवीपुढे बळी देण्याचे ठरवितात.

संपूर्ण कथेत इतका सयुक्तिक प्रश्न दुसरा नाही. परंतु त्याचे निवारण नायकाच्या उत्तराने होत नाही. रात्री स्वप्नात दैवी आदेश मिळतो, पहाटे त्या पुत्रांची बहीण बिंदुमती त्यास पती म्हणून वरू इच्छिते, आणि सूड सोयरिकीत विरतो. (मूळ पैशाची ग्रंथ लुप्त असल्याने हा दोष गुणाढ्याच्या माथी मारणे योग्य नव्हे.) कनकरेखेच्या पणाखातर नायकाने दोन सागरप्रवास सोसले, तेथे प्रीती परिश्रमाने पिकते. बिंदुमतीस एक रात्र पुरते, आणि तेवढ्यातच सत्यव्रताच्या मृत्यूचा हिशोबही उरकला जातो.